भोंग्यावरची सुलेमा

माझी चूल आणि सुलेमाचा भोंगा समोरासमोर आहेत. तिच्या अंगणात नारळाचं उंच खोड पुरलंय. त्यावर चार दिशांना तोंड केलेले चार भोंगे, आणि त्यातला एक थेट माझ्या स्वयंपाकघरात बघतो. पंधरा वर्षं झाली. वीज गेली आणि भोंगा गप्प बसला की मला भाजीत मीठ टाकलं की नाही तेच आठवत नाही.

आमचं गाव लास गार्सास, मेक्सिकोच्या किनाऱ्यावर. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधल्या पट्टीवर आम्ही काळी माणसं, आमच्या होड्या, आमची डुकरं आणि आमची भांडणं. इथे काही विकायचं असेल, काही हरवलं असेल, कुणी वारलं असेल, कुणाचा वाढदिवस असेल, तर सुलेमाकडे चिठ्ठी नेऊन द्यायची. ती माइकवर वाचते आणि पाठोपाठ सांगितलेलं गाणं लावते. हल्ली ते सगळं फोनवरूनही लांब जातं. उत्तरेत, तिकडे अमेरिकेत, आमची अर्धी पोरं घरांची छपरं घालायला गेलीत. ती पहाटे डबा भरता भरता ऐकतात की दोन्या पेत्राच्या, म्हणजे पेत्राबाईंच्या, दारात ताजा मासा आलाय. मासा काही त्यांना मिळत नाही, पण आल्याचं कळतं.

सुलेमा शेहेचाळीस वर्षांची आहे. ती जन्मली तेव्हा सुईणीने मुलगा झाला म्हणून सांगितलं होतं आणि बापाने नाव ठेवलं होतं नाबोर. सुईण चांगली बाई होती, पण चुकायची. माझ्या धाकट्याचं डोकं बघून ती म्हणाली होती की हा पाद्री होणार. तो आज बिअरचा ट्रक चालवतो. सुलेमाची चूक दुरुस्त व्हायला मात्र वेळ लागला. आधी कानात डूल आले, ते फक्त घरात. मग केसात फूल आलं. मग एका वर्षी गावाच्या जत्रेत ती आईचा पिवळा घागरा घालून आली आणि म्हणाली, माझं नाव सुलेमा. त्या दिवशी बऱ्याच जणांनी बरंच काही बोलून घेतलं. मीही बोलले. काय बोलले ते इथे सांगत नाही, लाज वाटते. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे कोथिंबीर मागायला आली, मी दिली, आणि तिथून पुढे चालू झालं.

तिचा बाप फेकजाळी विणायचा. ते काम पुरुषांचं असं इथे समजतात. ते तो लेकीला शिकवून गेला आणि आता गावातलं उत्तम जाळं तिच्याच हातचं असतं. माइकसमोर बसून ती विणते. भोंगा चालू असताना नीट कान दिला तर बोलण्याच्या मागे लाकडी सुईची टकटक ऐकू येते.

आवाज तिचा जाड आहे, गोड आहे, खोल रांजणातून आल्यासारखा. सुरुवातीला ती बारीक आवाज काढून बोलायची. भोंग्याला ते सोसायचं नाही. तो शिट्टी मारायचा, गावातली कुत्री भुंकायची आणि टर्की पळायचे. महिनाभराने तिची आई, एफिहेनिया मावशी, म्हणाली, "बाई, तुझ्या बापाचा आवाज तुला मिळालाय, तोच वापर. तो बिचारा उगाच फुकट घालवून मेला, कधी बोललाच नाही." तेव्हापासून आवाज आहे तो आहे. फोनवर परका माणूस "सर" म्हणाला की ती म्हणते, "सर जेवायला गेलेत, मी सुलेमा बोलतेय, सांगा."

गाण्यांबद्दल तिची मतं ठाम आहेत. सकाळी चिलेना, आमच्याकडची नाचाची गाणी, व्हायोलिनवाली, कारण त्यावर झाडू चांगला चालतो. अकरा वाजता जुनं बोलेरो, कारण तेव्हा बायका कांदा चिरतात आणि रडायचंच असेल तर कारण हाताशी असतं. संध्याकाळी कुंबिया. बंदूकवाल्या दादांची गाणी ती लावत नाही. एकदा आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या फोर्तिनोच्या पुतण्याने वाढदिवसाला तसलं गाणं मागितलं तेव्हा म्हणाली, "माझ्या भोंग्यावर बाई मारत नाहीत आणि माणूसही मारत नाहीत. प्रेमात मरतोस का? मग लावते."

टीव्ही आम्ही दोघी एकत्र बघतो, माझ्या घरी, दुपारच्या मालिका. मालिकेत आमच्यासारखी काळी बाई दिसली की तिच्या हातात चहाचा ट्रे असतो. सुलेमासारखी कुणी दिसली की ती खरी नसतेच, वाकडा विग घातलेला पुरुष असतो, आणि मागून हसण्याचा आवाज सोडलेला असतो. मी चिडते. सुलेमा चिडत नाही, ती विग तपासते. "बघ गं, पुढची शिवण दिसतेय. एवढे पैसे कमावतात आणि केसाला गोंद नाही." एकदा ती म्हणाली, "ट्रेवाली आणि विगवाली यांची एक वेगळी मालिका काढायला हवी. तू चहा आण, मी घसरून पडते." आम्ही दोघी इतक्या हसलो की माझी कवळी निघाली.

गावातही तसंच. नोव्हेंबरात सैतानांचा नाच असतो, त्यात मिंगा नावाची एक बाई लागते. पुरुषाने घागरा घालायचा, हातात बाहुली धरायची आणि लोकांच्या मांडीवर जाऊन बसायचं. एका वर्षी नाचवाले सुलेमाकडे आले, म्हणाले तूच कर, तुझ्याकडे घागरे पण आहेत. ती म्हणाली, "मिंगाला पुरुष लागतो. मी कशी करणार?" ते डोकं खाजवत परत गेले. बरोबरच होतं ना तिचं.

मेक्सिको शहरातून एकदा एक मुलगी रेडिओसाठी आली होती, छान होती, घामाने निथळत होती. ती सुलेमाला "पारलिंगी स्त्री" म्हणत होती, तो शब्द आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तिला दुःख हवं होतं. फिरून फिरून विचारायची, सर्वात कठीण दिवस कोणता. सुलेमाने खरोखर विचार केला आणि सांगितलं, वादळात भोंग्याचा खांब पडला तो. मग तिने त्या मुलीला खाडीतल्या शिंपल्यांचे तामाले, मक्याच्या पिठाचे, पानात गुंडाळून उकडलेले, खायला घातले. एका मोठ्या तामालेत शिंपले अख्खे, कवचासकट, कसे घालायचे ते सांगितलं. रेडिओवर काय लागलं ते आम्हाला कधी कळलं नाही. मुलीने सहा खाल्ले एवढं मात्र माहीत आहे.

आता सुलेमाचा नियम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. चिठ्ठीत जे लिहिलंय तेच ती वाचते. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. फक्त खाली लिहिणाऱ्याचं नाव हवं.

हा नियम टर्कीमुळे झाला. बोनिफासियाचा टर्की चोरीला गेला. तिने चिठ्ठी लिहिली की ज्या निर्लज्जाने माझा टर्की नेला त्याच्या घशात हाड अडको आणि सात दिवस निघू नये. सुलेमा तेव्हा नवीन होती. तिला वाटलं सकाळी सकाळी हे बरं नाही दिसत. तिने वाचलं, "एक टर्की वाट चुकला आहे, सापडल्यास बोनिफासियाबाईंकडे पोचवावा." झालं. चोर दुसऱ्या दिवशी उजळ माथ्याने बोनिफासियाच्या दारात. म्हणाला, हो, वाट चुकूनच आला होता, आम्हाला काय माहीत कुणाचा, आम्ही खाल्ला. बोनिफासिया सुलेमाशी चार महिने बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, "माझा राग मी लिहून दिला होता. तू तो धुऊन वाळत घातलास."

सुलेमाला ते लागलं. तेव्हापासून वाचते ते अक्षर न् अक्षर. दोन दारुड्यांनी एकदा तिची टिंगल करणारी चिठ्ठी दिली, तीही वाचली, सपाट आवाजात, खालच्या दोन्ही सह्यांसकट. मग त्या दोघांच्या आया चपला घेऊन निघाल्या, तो भाग वेगळा. पण गावाला कळलं की सुलेमाच्या तोंडून येतं ते लिहिणाऱ्याचंच असतं. म्हणून तर लोक मृत्यूची चिठ्ठीही डोळे मिटून तिच्या हाती देतात.

तर एफिहेनिया मावशीला मार्चात ऐंशी पूर्ण होणार होती. आमच्याकडे वाढदिवसाची पहाट भोंग्याने होते. पाचला गाणं, त्याआधी कुणाकुणाकडून ते नाव घेऊन सांगायचं, आणि मग अंगणात कॉफी, तामाले, ब्रेड. ज्याचं नाव भोंग्यावर आलं तो त्या घरचा. ज्याचं आलं नाही तो वर्षभर फुगून बसतो.

दोन दिवस आधी सुलेमा दुपारी माझ्याकडे आली, मालिकेची वेळ नसताना. हातात फोन. बसली नाही.

"सिरिलोची चिठ्ठी आलीय," म्हणाली.

सिरिलो तिचा मोठा भाऊ. एकोणीस वर्षांपूर्वी उत्तरेत गेला, कागद नाहीत, त्यामुळे परत आला नाही. गेला तेव्हा सुलेमाचे डूल घरातल्या घरातच होते.

"वाच," मी म्हटलं. माझा चष्मा डोक्यावर होता, पण तिच्या आवाजातच ऐकायची सवय.

तिने वाचलं. "आदरणीय सेन्योरिता सुलेमा, रोज पहाटे तुमच्या आवाजाने आमची इथे सकाळ होते, त्याबद्दल आभार. कृपया शुक्रवारी पुढील मजकूर वाचावा. दोन्या एफिहेनिया यांना ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त त्यांचे मुलगे सिरिलो आणि नाबोर यांच्याकडून खूप प्रेम. आपला, सिरिलो."

मी आधी हसले. मग हसू गिळलं, कारण ती हसत नव्हती.

"याला काय वाटतं, तुम्ही दोघं वेगवेगळी आहात?"

"तसंच वाटत असेल. भोंग्यावर एक बाई आहे, तिच्याशी तो अदबीने बोलतो. आणि घरात एक भाऊ आहे, जो त्याने जाताना ठेवलाय. तो अजून सत्तावीस वर्षांचाच आहे."

"मग फोन कर आणि सांग."

"एकोणीस वर्षांत तीनदा बोललो आम्ही. तिन्ही वेळा हवा कशी आहे तेच."

"मग बदल गं. एकच तर शब्द. कोण बघतंय?"

"सगळं गाव ऐकतंय गं. तोही ऐकतोय. आज भावाचा शब्द माझ्या सोयीने बदलला, तर उद्या माझ्या वाचण्याला काय अर्थ? बोनिफासियाच पहिली येईल."

"त्या दारुड्यांची तर वाचलीस."

"त्यांना कोण विचारतं. हा मला खांद्यावर बसवून खाडी पार करायचा." तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. "आईच्या ऐंशीला, माझ्याच तोंडाने, चारी दिशांना नाबोर म्हणायचं. आणि नाही म्हटलं तर सिरिलोचं प्रेम आईपर्यंत पोचलं नाही असं व्हायचं."

मी तिला पपई कापून दिली. तिने दोन फोडी खाल्ल्या आणि गेली.

शुक्रवारी पहाटे मावशीच्या, म्हणजे सुलेमाच्याच घराच्या, मागच्या अंगणात आम्ही पंधरा-वीस जण होतो. सुलेमा पुढच्या खोलीत माइकपाशी, आम्ही मागे, मध्ये एक पडदा. पण गंमत अशी की दहा पावलांवरून बोलते ती, आणि आवाज येतो आभाळातून. मावशी नव्या निळ्या झग्यात, खुर्चीत ताठ बसलेली, हातात कपभर कॉफी. माझे डोळे पडद्यावर.

गावाला हाक मारून झालं. भाचे-पुतण्यांची नावं झाली, शेजाऱ्यांची झाली, माझं झालं. मग आवाज आला, "त्यांचे मुलगे सिरिलो आणि नाबोर यांच्याकडून खूप प्रेम." नाव स्पष्ट घेतलं, न खाता. पुढे एक श्वास भोंग्यात ऐकू आला. मग कागद उलटल्याचा आवाज, आणि पुढची चिठ्ठी, "तसेच त्यांची मुलगी सुलेमा हिच्याकडून, जिने हे स्वतःच्या हाताने लिहून दिलं आहे." आणि वाढदिवसाचं गाणं सुरू झालं.

तिने नियमातून अशी वाट काढली होती. भावाची चिठ्ठी भावाची, तिची चिठ्ठी तिची. मला वाटलं, चला, निभावलं.

पण म्हातारा फोर्तिनो तामाले सोलता सोलता बोटं मोजत होता. "एफिहेनिया," तो म्हणाला, "दोन मुलगे आणि एक मुलगी. तिसरं कधी झालं? मला बारशाला बोलावलं नाहीस."

लोक हसले. मावशी हसली नाही. तिने कप जमिनीवर ठेवला, माझा दंड धरला आणि उठली. "चल गं," म्हणाली, "तुला लिहिता येतं."

लिहिता येतं म्हणजे दोन इयत्ता. पण गेले.

पडद्याआड सुलेमा गाण्याचा आवाज कमी-जास्त करत बसली होती. आईला बघून उठली.

"भोंग्यावर चूक झालीय," मावशी म्हणाली. "दुरुस्ती सांगायचीय."

दुरुस्तीची पद्धत आहे आमच्यात. ज्याच्याबद्दल सांगितलं गेलं तो येऊन दुरुस्ती देऊ शकतो. मृताचं वय चुकलं, डुकराचा रंग चुकला, तर देतात.

"आई, राहू दे ना. वाढदिवस आहे."

"वाढदिवस माझा आहे म्हणूनच. माइक दे."

"माइक नाही देता येत. चिठ्ठी लागते, खाली नाव लागतं. तुलाही." सुलेमाचा आवाज थोडा हलला, पण नियम हलला नाही. कुठून हा हट्ट आला ते मला आईकडे बघून कळत होतं.

"म्हणून तर हिला आणलंय," मावशी म्हणाली.

मी कॅलेंडरचं मागचं पान फाडलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. मध्येच म्हणाले, "हळू गं, मी काही टायपिस्ट नाही." ती म्हणाली, "ऐंशी वर्षं थांबलेय, अजून थांबते." खाली तिने अंगठा उमटवला, तो तामालेच्या तेलाने उमटला.

गाणं संपलं. सुलेमाने कागद घेतला. माझं अक्षर म्हणजे कोंबडीने वाळूत चालावं तसं, पण तिने एकदाही अडखळून विचारलं नाही.

"दुरुस्ती," तिने वाचलं. "मी एफिहेनिया. माझी बाळंतपणं दोन, दोन्ही याच घरात, दोन्ही वेळा माझे पाय दुखले. पहिला सिरिलो, तो उत्तरेत आहे, देवाने त्याला सुखी ठेवावं. दुसरी सुलेमा, तिनेच हे आत्ता वाचलं. माझी मुलं एवढीच. सिरिलो, तुझा मेसेज मिळाला, प्रेम पोचलं, त्यातलं एक नाव चुकलंय ते नीट कर. जेवत जा. खाली आईचा अंगठा."

एक अक्षर गाळलं नाही. वाचून झाल्यावर तिने माइकचं बटण बंद केलं आणि कागदाची घडी घालून झग्याच्या आत, छातीशी ठेवली. मावशी म्हणाली, "कॉफी गार झाली असेल," आणि बाहेर गेली. अंगणात फोर्तिनो म्हणाला, "आता मोजणी जुळली," आणि आणखी एक तामाले घेतला.

त्या दिवशी फोनवर उत्तरेतून खूप लोकांनी लाल बदामांची आणि फुलांची चित्रं पाठवली. सिरिलोकडून काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. सुलेमा जाळं विणत होती, गाणी लावत होती, मालिकेतले विग बघून हसत होती. मी एकदा विचारलं, "वाईट वाटतं का?" ती म्हणाली, "वाटतं. पण त्याला वेळ हवाय. मलाही आईचा घागरा घालायला सत्तावीस वर्षं लागली."

दोन आठवड्यांनी, अकराच्या सुमारास, मी मासा घासत होते. भोंग्यावर दोन चिठ्ठ्या झाल्या, कुणाची गाय, कुणाचं बर्फ. मग तिने वाचलं, "दोन्या एफिहेनिया यांना, त्यांची मुलं सिरिलो आणि सुलेमा यांच्याकडून. कारण काही नाही, सहजच. गाणं सेन्योरिता सुलेमा यांनी स्वतः निवडावं. आपला, सिरिलो."

आणि पुढे काही नाही. गाणं येईना. भोंगा नुसता खरखरत होता.

माझ्या हातात मासा तसाच. ही बाई, जिला प्रत्येक तासाचं गाणं ठरलेलं, जिने फोर्तिनोच्या पुतण्याला गाण्यावरून सुनावलं, तिला एक गाणं निवडता येत नव्हतं. खाडीवरून कुणीतरी ओरडलं, "वीज गेली का?" मावशी मागच्या अंगणातून म्हणाली, "वीज आहे, अक्कल गेलीय. लाव गं काहीतरी."

मग एक चिलेना सुरू झाली, व्हायोलिनवाली, अकराच्या वेळेला न शोभणारी. मी दारात जाऊन बघितलं तर मावशी एका हाताने भोंग्याच्या खांबाला धरून, दुसऱ्या हातात भांडी पुसायचं फडकं हलवत, दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे टाकत होती. खिडकीतून सुलेमा तिच्याकडे बघत होती, आणि जाळ्याची सुई तिच्या हातात नुसतीच होती.

"मोठा कर," मावशी म्हणाली.